हातगाडी ओढत वायोमिंग

युटात राहायला आलं की २४ जुलैची एक सुट्टी मिळते, पायोनियर डे. १८४७ साली त्या तारखेला मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचला. आम्ही आपले दरवर्षी परेड बघायची, रात्री फटाके बघायचे, झालं. यंदा मात्र लेकीच्या मैत्रिणीच्या मॉर्मन चर्चची पोरं जूनमध्ये ट्रेकला निघाली, म्हणजे १८५६ साली हातगाड्या ओढत सॉल्ट लेककडे निघालेल्या मॉर्मन लोकांच्या आठवणीत तसंच चालायला, त्यांनी हिलाही बोलावलं, आम्ही मॉर्मन नाही म्हटलं तर म्हणे काही हरकत नाही, आणि स्वयंपाकाला माणसं कमी पडतायत असं कळलं म्हणून मीही निघाले.

जागा वायोमिंगमधली मार्टिन्स कोव्ह. नुसतं माळरान, सेजब्रशच्या झुडपांचा उग्र वास, मधून वाकडीतिकडी वाहणारी स्वीटवॉटर नदी आणि वारा असा की बोलायचं म्हटलं तर ओरडावं लागतं. पोरांचे फोन पहिल्याच दिवशी जमा. मुली लांब झगे आणि बॉनेट टोप्यांमध्ये, मुलं गॅलिस लावून. आठ-दहा पोरांचं एक "कुटुंब", त्यांना एक मा आणि एक पा, आणि कुटुंबाला एक लाकडी हातगाडी.

सामानाचं वजन करतात हे मला फार आवडलं. १८५६ साली माणशी १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो, तेवढंच न्यायची परवानगी होती, त्यात अंथरूण-पांघरूण, कपडे सगळं आलं. आमच्या बाईसाहेबांनी काट्यावर बादली ठेवली आणि मग एकेक वस्तू बाहेर काढायला लागल्या, हेअर ड्रायर कशाला आणला होता देव जाणे, तिथे वीज कुठंय!

आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, अगं म्हणजे वारीच की. मला नाही पटलं. वारीत पोचण्याचा आनंद असतो, इथे ज्यांच्यासाठी चालतात त्यातले दोनशेच्या वर लोक वाटेतच गेले. बहुतेक ब्रिटन आणि स्कँडिनेव्हियातले गरीब लोक, बैलगाड्या परवडत नव्हत्या म्हणून हातगाड्या, आयोवा सिटीपर्यंत रेल्वे आणि पुढे जवळजवळ २१०० किलोमीटर पायी. त्या वर्षी आधी निघालेल्या तिन्ही तुकड्या ठीकठाक पोचल्या, पण विली आणि मार्टिनच्या तुकड्या निघाल्या जुलैच्या मध्यानंतर, त्यात गाड्या ओल्या लाकडाच्या, कोरड्या हवेत लाकूड आकसलं आणि चाकं खिळखिळी झाली. १९ ऑक्टोबरला बर्फाच्या वादळाने गाठलं. मदत आली सॉल्ट लेकहून, पण तोवर उशीर झाला होता.

रात्री शेकोटीपाशी श्रद्धेबद्दल खूप बोलणं झालं. मला मात्र लेव्ही सॅव्हेज डोक्यात बसला. हा विलीच्या तुकडीतला, वाट आधी बघितलेला माणूस, नेब्रास्कात फ्लॉरेन्सला त्याने सरळ सांगितलं की आता निघू नका, म्हातारी माणसं आणि पोरं मरतील. कुणी ऐकलं नाही. तरी तो त्यांच्याबरोबर गेला आणि शेवटपर्यंत राबला. माझ्या मते पोरांना सगळ्यात जास्त हीच गोष्ट सांगायला हवी, पण तिला दोन मिनिटं मिळाली आणि मग गाणी सुरू.

दुसऱ्या दिवशी विमेन्स पुल. मुलांना बाजूला काढतात, १८४६ मध्ये पाचशेच्या आसपास मॉर्मन पुरुष मेक्सिकोच्या लढाईसाठी सैन्यात गेले त्याची आठवण म्हणून, आणि वाळूच्या चढावर हातगाडी मुलींनी एकट्यांनी चढवायची. मुलं टोप्या काढून दोन्हीकडे उभी, हात लावायचा नाही. मला आधी हे जरा नाटकीच वाटलं, पण चाक वाळूत रुतलं, लेकीचा झगा आरीत अडकून टर्रकन फाटला, ती शिवी हासडून (मराठीत, नशीब) दांड्याला खांदा लावून परत ढकलायला लागली, आणि मागची एक धिप्पाड मुलगी सरळ गुडघ्यांवर बसून चाक हाताने फिरवायला लागली, तेव्हा मी चमचा टाकून बघत राहिले. वर पोचल्यावर मुलं धावत आली तर लेक म्हणे, आता काय उपयोग.

जेवण बीफ स्ट्यू, त्यामुळे आम्ही दोघी ब्रेड आणि घरून नेलेली शेंगदाण्याची चटणी. ती चटणी पहिल्याच रात्री संपली कारण सगळ्या "कुटुंबाने" हात मारला.

जायचं असेल तर ट्रेकचीच गरज नाही, ही जागा सगळ्यांना खुली आहे, तिकीट नाही, हातगाड्याही ओढून बघायला देतात. सॉल्ट लेकहून आय-८० ने रॉलिन्स, तिथून २८७ ने मडी गॅप आणि मग २२० चा रस्ता. जूनमध्ये डास फोडून काढतात, ओडोमॉस चालत नाही, इथलाच जालीम स्प्रे घ्या.