आबांच्या चहातला रवा

गुजरीतल्या सोनार मित्राकडून दहा पटीचं भिंग चार दिवसांसाठी मागून आणलं होतं, आजीच्या बुगडीवरचा शिक्का वाचायला. शिक्का पार झिजलाय. भिंग परत द्यायला अजून दोन दिवस होते, म्हणून ओट्यावर पोराची पाटी ठेवली आणि तिच्यावर चिमूटभर साखर टाकली.

मिठाचे ठोकळे असतात, सरळसोट. साखरेचं तसं नाही. दाणा तिरका, कडा छाटल्यासारख्या. दोन-तीन दाणे तर एकमेकांत घुसूनच वाढलेले. कोपरे मात्र बऱ्याच जणांचे उडालेले. कारखान्यात मळी वेगळी काढायला गरगर फिरवतात, मग वाळवतात, चाळतात, त्यात कोण धड राहणार! पोत्यावर 'एम-30' असतं त्यातला एम म्हणजे मध्यम दाणा आणि 30 हा रंगाचा आकडा. मी आपला इतकी वर्षं वजन समजत होतो.

गूळ घेतल्यावर आबा उठून आले. मार्केट यार्डात अडत्याकडे दिवाणजी होते ते. "रवा बघाय भिंग कशाला पायजे?" म्हणत ढेपेचा खडा चिमटीत चुरडून दाखवला. भिंगाखाली बारीक कण होते, मधाच्या रंगाच्या चिकट पाकात रुतलेले. रस आंबला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, ते वाढलं की गूळ रवा धरत नाही, म्हणजे दाणेदार होत नाही. म्हणून गुळव्या रसात चुना घालतो. आबांना ग्लुकोजशी देणंघेणं नाही, पण चुना कमी पडलेला त्यांच्या बोटांना कळतो.

आबांना आता शुगर आहे. चहात साखरेऐवजी सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याची पुडी. ते साखरेपासूनच करतात, तिच्यावर तीन ठिकाणी क्लोरीन बसवून. गोडी साधारण 600 पट, त्यामुळे पुडीत खरा माल कणभर, बाकी सगळी भर. 1976 साली लंडनमध्ये संशोधन करणाऱ्या शशिकांत फडणीसांना प्राध्यापकांनी हे 'टेस्ट' करायला सांगितलं, म्हणजे तपासायला. त्यांनी ऐकलं चाखायला, आणि चाखलंही! त्याची गोडी कळली ती अशी. मराठीत लिहिलं तर दोन्ही 'टेस्ट'च, त्यामुळे मी तरी त्यांना दोष देणार नाही.

आबांनी भिंग डोळ्याला लावून ती भुकटी बराच वेळ बघितली.

"ह्येला रवाच न्हाई की," म्हणाले, आणि सगळी चहात ओतली.