परवापासून अडकलेली स्क्रिप्ट

सकाळी सकाळी पुण्याहून ताईचा फोन. "अरे, आईचे फोटो उघडेनात." सांगलीत विश्रामबागच्या घरी टीव्हीखाली जुना लॅपटॉप ठेवलाय, तोच आमचा सर्व्हर; फोटो त्याच्यावरच. नेटचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा घराचा नंबर, बदलत राहतो, म्हणून दर ५ मिनिटांनी एक छोटी पायथन स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) नवा पत्ता डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या इंटरनेटच्या वहीला, कळवते. म्हणजे, कळवायला हवी.

बघतो तर ती स्क्रिप्ट चालवणारी सर्व्हिस 'ॲक्टिव्हेटिंग'वर, म्हणजे 'सुरू होतेय'वरच अडकलेली, तीही परवा संध्याकाळपासून! एरर नाही, लॉगमध्ये अवाक्षर नाही. आधी राउटरला शिव्या घातल्या, मग डीएनएसचं टोकन (पासवर्डसारखी किल्ली) बदलून पाहिलं. उगाच. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "परवा लाइट गेली होती ना, तेव्हाच काहीतरी झालं असणार." मी हसलो. आणि नेमकं तेच निघालं.

लाइट गेली तसा राउटर बंद पडला, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू. स्क्रिप्टने त्याच क्षणी प्रश्न विचारला होता. उत्तराची वाट बघत बसली ती बसलीच. नेटवर विचारणा करणाऱ्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट, म्हणजे किती वेळ थांबायचं ती मर्यादा, दिला नाही तर ती थांबूनच राहते. त्यात सिस्टमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) वनशॉट, म्हणजे एकदा चालून संपणाऱ्या, सर्व्हिसलाही आपणहून वेळेची मर्यादा नसते, आणि पहिली फेरी संपल्याशिवाय टायमर दुसरी सुरू करत नाही.

टाइमआउट घातला: स्क्रिप्टमध्ये १० सेकंद, सर्व्हिस फाइलमध्ये ६०. दोन ओळी. त्यापायी रविवारची अर्धी सुट्टी गेली!

टीटीएल, म्हणजे जुना पत्ता लक्षात ठेवायची मुदत, ३०० सेकंदांचा, त्यामुळे वाटीभर भडंग संपेपर्यंत ताईचा मेसेज आला: "दिसले फोटो. पण निम्म्यात आईचा अंगठाच आहे."