तुम्ही विचारलंत म्हणून: विमान चालवता की फोटो काढता?

सुट्टीला सोलापुरात आले की हा प्रश्न ठरलेला. शेजारच्या काकू विचारतात, भाचरं विचारतात, विमानतळाशेजारी होटगी रोडला गळ्यात कॅमेरा बघून अनोळखी माणसंही विचारतात: "दोन्ही एकदम कसं जमतं हो तुम्हाला?"

एकदम जमत नाही, आणि जमवूही नये. ड्यूटीवर माझा कॅमेरा बॅगेतच असतो. १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाव्यतिरिक्त बोलणंसुद्धा बंद. त्याच्या वर गेल्यावरही एकाने विमान चालवायचं आणि दुसऱ्याने उपकरणांवर, रेडिओवर आणि चालवणाऱ्यावरही लक्ष ठेवायचं, अशी आमची वाटणी असते. तिसऱ्या कामाला त्यात जागा नाही. ढगांच्या कडांवर ऊन पडतं तेव्हा फार मोह होतो. तेवढं डोळे भरून बघून घेते.

माझे फोटो सगळे जमिनीवरून काढलेले, दुसरं कुणीतरी उडवत असलेल्या विमानांचे. पण पायलट नसते तर ते मला असे काढता आले नसते. विमान वाऱ्याला सामोरं उतरतं आणि उडतंही वाऱ्याला सामोरंच. म्हणून घरातून निघण्याआधी मी वारा कुठून वाहतोय ते बघते. धावपट्टीच्या कुठल्या अंगाला उभं राहायचं, ते तिथेच ठरतं. टेकण्याच्या जरा आधी पायलट नाक हलकेच वर घेतो. तो क्षण माझ्या हाताला सवयीचा, त्यामुळे बोट बटणावर आधीच गेलेलं असतं.

सोलापूरकरांना होटगी रोडची, विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी वेगळी सांगायला नको. १५ जून २०२३ ला ती पाडली आणि ९ जून २०२५ ला गोव्याची विमानसेवा सुरू झाली. येतं ते एटीआर ७२, आपल्याकडच्या भाषेत पंख्याचं विमान. त्याचा फोटो काढणं जेटपेक्षा अवघड. जेटला शटर, म्हणजे फोटो टिपायचा वेळ, १/१००० सेकंद ठेवला की काम झालं. पंख्याच्या विमानाला तेच केलंत तर पाती जागच्या जागी थिजतात आणि विमान हवेत टांगून ठेवल्यासारखं दिसतं. टेकऑफला हा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला २०. पाती सहा, दोन पात्यांमध्ये ६० अंश. १/१२५ सेकंदात पातं साधारण ५८ अंश फिरतं, म्हणजे पुढच्या पात्याच्या जागी जवळजवळ पोचतं, आणि फोटोत पंख्याचं गोल चक्र उमटतं. मात्र इतक्या सावकाश शटरला विमानाच्याच वेगाने कॅमेरा फिरवावा लागतो. हात जरा अडखळला की सगळं पुसट. बहुतेक फोटो पुसूनच टाकावे लागतात, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका. आपल्या उन्हात तापलेल्या डांबरावरून हवा अशी लहरत वर येते की महागातली लेन्ससुद्धा विमानाची कड धरू शकत नाही. शिवाय एटीआरचे पंख वरच्या बाजूला, त्यामुळे ऊन डोक्यावर असलं की खिडक्यांवर सावली पडते. जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांतली सकाळची थंड, स्वच्छ हवा आणि तिरपं ऊन यांना तोड नाही.

पुण्याला लोहगाव हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथे मी कॅमेरा बाहेरच काढत नाही. आपल्याकडेही भिंतीबाहेर, रस्त्यावर उभी राहते, आणि पोलिसांनी हटकलं तर ओळखपत्र दाखवून मुकाट्याने बाजूला होते. दुसऱ्या दिवशी पहाटेचं उड्डाण असेल तर आदल्या संध्याकाळचं ऊन कितीही सुंदर असो, मी झोपते. झोप कमी झालेल्या पायलटच्या मागे साठ-सत्तर माणसं बसलेली असतात.

ज्या पोरांना हे सुरू करायचंय त्यांनी मोठ्या लेन्ससाठी घरी हट्ट धरू नये. आधी रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीवर १/१२५ ने हात बसवा. एसटीवरचा बोर्ड वाचता येईल इतका फोटो स्वच्छ आला की मला येऊन दाखवा. मग होटगी रोडला सोबत जाऊ.