मध्ये जागा सोड

नववीच्या चाचणीत पेशीची आकृती काढताना माझी एक तंतुकणिका, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा भाग, आंतर्द्रव्यजालिकेला, म्हणजे पेशीतल्या पातळ पटलांच्या जाळ्याला, चिकटली. बाईंनी तिथे लाल शाईने गोल केला, अर्धा गुण कापला आणि समासात लिहिलं, 'मध्ये जागा सोड.' त्या अर्ध्या गुणाने माझा पहिला नंबर गेला. इतक्या वर्षांनी स्मरणिकेत हे लिहितोय, यावरून तो किती लागला असेल ते समजून घ्या.

पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बसायला लागलो. यकृताच्या पेशीचं चित्र पहिल्यांदा पडद्यावर आलं आणि मी बघतच राहिलो. जालिकेचे पदर जागोजागी तंतुकणिकांना बिलगलेले! अशी जवळीक १९५६ सालीच उंदराच्या यकृतात दिसली होती. पण तिथे काही देवाणघेवाण चालते, हे कळायला १९९० उजाडलं. तंतुकणिका वेगळ्या काढताना त्यांच्यासोबत जालिकेच्या पटलाचा थोडा अंश चिकटून येतो. एरवी ही भेसळच म्हणायची. जैवरसायनशास्त्रज्ञ जीन व्हान्स यांनी नेमका तोच तपासला आणि तिथे मेदरेणू तयार होताना आढळले. मेद पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे पेशीद्रव्यातून तो एकटा जाणार कसा? जालिकेत बनलेला फॉस्फॅटिडिलसेरिन हा मेद शेजारच्या तंतुकणिकेत जातो आणि तिथे त्याचा दुसराच मेद होतो.

मला मात्र कॅल्शियमची गोष्ट जास्त आवडते. तंतुकणिकेचं कॅल्शियमचं दार जरा मठ्ठ; पेशीद्रव्यातल्या नेहमीच्या कॅल्शियमला ते दादच देत नाही. पण जालिकेने त्या चिंचोळ्या फटीत कॅल्शियम सोडलं, की तेवढ्यापुरती तिथे गर्दी होते आणि दार उघडतं. मग ऊर्जानिर्मितीला वेग येतो. फार आत गेलं तर पेशी मरतेही. तंतुकणिका दुभंगते तीसुद्धा बरेचदा जालिकेची नळी तिला जिथे वेढा घालते तिथेच. हे २०११ साली दिसलं.

या फटीची रुंदी साधारण १० ते ३० नॅनोमीटर. दोन्ही पटलं प्रथिनांनी एकमेकांना धरून ठेवलेली असतात, पण एकजीव होत नाहीत.

मागे बाईंना भेटायला गेलो, तेव्हा असं एक चित्र मुद्दाम छापून नेलं. म्हटलं, बघा, चिकटलंय ना? त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कागद नाकाशी धरला आणि त्या फटीवरून हळूच नख फिरवलं.

"सोडलीय की रे जागा," बाई म्हणाल्या.