आगोटीआधीची शेवटची बोट

हर्णैहून मुंबईला जायचं म्हणजे तेव्हा बोट. पावसाळ्यात ती बंद, आणि शाळा उघडणार जूनमध्ये. म्हणून १९६३ साली आगोटीआधीच्या, म्हणजे पावसाळा लागण्याआधीच्या, शेवटच्या बोटीने बाबा मला मामाकडे गिरगावात सोडायला निघाले. बोट खोल पाण्यात उभी राहायची. पडावातून तिथवर जायचं आणि उसळत्या पाण्यावर शिडी धरायची. माझी पत्र्याची ट्रंक वर चढेपर्यंत मी श्वास रोखून होते. सुवर्णदुर्ग मागे पडला तेव्हा मात्र रडू आवरलं नाही.

मामाने गावदेवीच्या सेंट कोलंबात आठवीत माझं नाव घातलं. "मिशनची शाळा, पोरगी बाटेल," म्हणून आजीने दोन दिवस धड जेवण घेतलं नव्हतं. ही भीती शाळेइतकीच जुनी. मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता, हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यात, बाई शिकली की विधवा होते, असं उघड बोलणारा तो काळ. अशा दिवसांत, १८३२ साली, मार्गारेट विल्सन यांनी आपली ही शाळा सुरू केली. सावित्रीबाईंनी पुण्यात मुलींना शिकवायला घेतलं ते १८४८ साली. त्या आधीची ही सोळा वर्षं. चौपाटीवरच्या कॉलेजमुळे जॉन विल्सन यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांच्या पत्नीचं नाव आपण माजी विद्यार्थिनींनीच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

चाळीतल्या मुली माझ्या बोलण्याला हसायच्या. 'वायच थांब' म्हटलं की दिवसभर माझी नक्कल चालायची. त्यामुळे शाळेतही मी तोंड उघडत नसे. पहिल्याच महिन्यात मराठीच्या बाईंनी 'पहिला पाऊस' हा निबंध दिला. 'आगोट जवळ आली की आई सुकी मासळी भरून ठेवते,' असं मी लिहिलं, मग घाबरून 'आगोट' खोडलं आणि वर 'पावसाळा' लिहिलं. बाईंनी वही उजेडाकडे धरून खोडलेलं वाचलं आणि मला उभं केलं.

"हा शब्द का खोडलास गं?"

मी गप्प. बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात 'आगोट' लिहिलं. पावसाळा तोंडावर आला म्हणजे काय काय करतात, ते मला वर्गाला सांगायला लावलं. होड्या वर ओढून शाकारणं, लाकूडफाटा आत घेणं, कोकमं वाळवणं, पापड-मिरगुंडं डब्यात भरणं. सुरुवातीला आवाज फुटेना, मग थांबेना. शेवटी बाई म्हणाल्या, "आपल्या शाळेच्या संस्थापक मुंबईत उतरल्या १८२९च्या फेब्रुवारीत. मराठी शिकायला नवऱ्याबरोबर कुठे गेल्या, माहीत आहे? हिच्या हर्णैला. तो पावसाळा त्यांनी कोकणातच काढला. हा शब्द त्यांच्याही कानावर पडला असेल."

सगळा वर्ग मागे वळून माझ्याकडे बघत होता. त्या दिवसापासून मी गप्प बसले नाही.

पुढे मी जमेल तसं वाचत गेले. १८२९च्याच अखेरीस मार्गारेटबाई मुंबईला परतल्या आणि मुलींना शिकवू लागल्या, तेही मराठीतून. १८३५च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. हिंदुस्थानात मिळाली जेमतेम सहा वर्षं. त्यांच्यामागे 'ॲना' आणि 'हे' या नावांच्या त्यांच्या दोन बहिणी स्कॉटलंडहून आल्या आणि मुलींच्या शिक्षणाचं काम त्यांनी पुढे चालवलं. बहिणीची माती झालेल्या गावात, तिचंच काम करायला, महिनोन् महिने शिडाच्या जहाजातून यायचं. मला याचं आजही नवल वाटतं.

निवृत्तीनंतर मी हर्णैलाच राहते. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव सुरू झाला की आवाज घरापर्यंत येतो. त्या निबंधानंतर बाईंनी मला एक चाळीस पानी वही दिली होती: "सुट्टीत गावी गेलीस की आणखी शब्द लिहून आण." मी दर सुट्टीत आणत गेले, बाई लाल शाईने अर्थ विचारत गेल्या. ती वही जपून ठेवली आहे. शाळेच्या महोत्सवाच्या दिवशी ती घेऊन येणार आहे. शाळेच्या वाचनालयात तिला जागा मिळावी, एवढी विनंती. मागची सहा पानं कोरी आहेत, कोकणातून आलेल्या एखाद्या मुलीला ती भरता येतील.