चेक इंजिनचा कोड आला म्हणून लगेच पार्ट घेऊ नका

चेक इंजिनची लाईट लागली, स्कॅनर लावला, कोड (म्हणजे बिघाडाचा नंबर) आला, आणि पाच मिनिटांत नवीन सेन्सरचं कोटेशन व्हॉट्सअपवर, हा प्रकार आता इतका कॉमन झालाय की लोकांना वाटतं कोड म्हणजे खराब पार्टचं नावच आहे. तसं नसतं हो. ईसीयूला (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) फक्त एवढंच कळतं की अमुक ठिकाणचं रीडिंग ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं, ते का गेलं हे त्याला माहीत नसतं, ते शोधायचं काम माणसाचं आहे आणि नेमकं तेच काम आजकाल वगळलं जातंय.

आपल्याकडे बीएस ४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) गाड्यांना २०१३ पासून ओबीडी २ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवायची पद्धत) सक्तीचं झालं (अमेरिकेत १९९६ पासूनच आहे), त्यामुळे त्यानंतरची जवळपास कुठलीही कार घ्या, स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत सोळा पिनांचा सॉकेट सापडेलच. त्यात स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावून मोबाईलवर सगळं दिसतं. कोडचं पहिलं अक्षर पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सकडचा, पुढचा आकडा ० असेल तर सगळ्या कंपन्यांना कॉमन, १ असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा, आणि तो दुसऱ्या कंपनीच्या यादीत बघून काही उपयोग नाही, नेटवर लोक तेच करतात आणि भलत्याच पार्टच्या मागे लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोड लगेच डिलीट करू नका, आणि गॅरेजवाल्यालाही करू देऊ नका. कोड पडला त्या क्षणी इंजिनचा आरपीएम किती होता, कूलंटचं तापमान किती, लोड किती, गाडी कितीच्या स्पीडला होती हे सगळं ईसीयू साठवून ठेवतं, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात, आणि कोड पुसला की तेही जातं. गाडी गरम होऊन सिग्नलला उभी असताना कोड पडला की घाट चढताना फुल लोडवर पडला, यावरूनच अर्धी शोधाशोध संपते. स्क्रीनचा फोटो काढून ठेवा, एवढं तरी कराच.

पी ०१७१ घेऊ, कारण तो फार बघितलाय. अर्थ एवढाच की मिक्श्चर लीन आहे, हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. माझ्या मावसभावाच्या गाडीला हाच आला, त्याचा फोन, "दादा, ऑक्सिजन सेन्सर आणि फ्युएल पंप दोन्ही बदला म्हणतायत, करू का?" म्हटलं थांब, आधी फ्युएल ट्रिम बघू. ट्रिम म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय तो आकडा, साधारण अधिक-उणे दहाच्या आत असला की ठीक समजतात. याच्या गाडीत आयडलला (अॅक्सिलेटर न दाबता इंजिन नुसतं चालू) लाँग टर्म ट्रिम वीसच्या वर होता पण रेस करून अडीच हजार आरपीएमवर धरला की खाली यायचा. पंप कमजोर असता तर उलटं झालं असतं, इंजिन जास्त पेट्रोल मागतं तेव्हा ट्रिम वाढला असता. आयडलला जास्त आणि रेसला कमी म्हणजे कुठूनतरी न मोजलेली हवा आत शिरतेय, आयडलला एकूण हवाच कमी असते म्हणून तेवढी गळतीही तिथे मोठी ठरते. बोनेट उघडून पाइप चाचपत गेलो तर पीसीव्हीचा (इंजिनच्या आतली वाफ परत आत खेचणारा) रबरी पाइप खालच्या बाजूने चिरलेला, वरून अजिबात दिसत नव्हता. एक पाइप बदलला, ट्रिम जागेवर आला, दोन्ही महागडे पार्ट होते तिथेच राहिले.

पण इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या, हे गणित एअर फ्लो सेन्सरवाल्या (आत जाणारी हवा थेट मोजणाऱ्या) गाडीचं आहे. बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांत तो नसतो, मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधला (सिलेंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब मोजतो, त्यामुळे बाहेरून शिरलेली हवाही बऱ्यापैकी हिशोबात येते आणि लीनच्या कोडऐवजी आयडल चढलेला दिसतो. म्हणून आपल्या गाडीत कुठला सेन्सर आहे हे आधी बघा मगच यूट्यूबवरचा उपाय करा.

गाडी मिसिंग मारतेय आणि पी ०३०३ आलाय, म्हणजे तिसरा सिलेंडर मिसफायर, तिथलं पेट्रोल नीट जळत नाही. याची टेस्ट तर फुकट आहे, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) असेल तर इंजिन बंद करून तीन नंबरची कॉइल एकवर टाका, एकची तीनवर, आणि गाडी चालवा. कोड पी ०३०१ झाला तर कॉइल गेली, तीनवरच राहिला तर कॉइलचा दोष नाही, मग तसेच प्लग अदलाबदल करा, मग इंजेक्टर, मग कॉम्प्रेशन. चारही कॉइल एकदम बदलायला लावणाऱ्यांनी ही पंधरा मिनिटांची टेस्ट का करू नये हे मला खरंच समजत नाही. पावसाळ्यात प्लगच्या खड्ड्यात पाणी गेलंय का, आणि पार्किंगमधल्या उंदरांनी वायर कुरतडलीय का, हे कॉइलच्याही आधी बघा. आणि चेक इंजिनची लाईट नुसती लागलेली नसून ब्लिंक होत असेल तर टेस्ट वगैरे नंतर, आधी अॅक्सिलेटर सोडा, गाडी बाजूला घ्या, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटमध्ये (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) जाऊन जळतं आणि कॅट वितळतो.

कॅटवरून आठवलं, पी ०४२० (कॅट नीट काम करत नाही) आला की लोकांचा धीरच सुटतो कारण त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियम असतं आणि किंमतही तशीच. ऑक्सिजन सेन्सर कॅटच्या पुढे एक आणि मागे एक असतो, लाइव्ह डेटात मागच्याचा व्होल्टेज बघा. इंजिन गरम, आरपीएम स्थिर, अशा वेळी तो बऱ्यापैकी स्थिर असायला हवा, पुढच्या सेन्सरसारखा सारखा वरखाली नाचत असेल तर कॅटवर संशय घ्यायला जागा आहे. तरीसुद्धा आधी एक्झॉस्टच्या जॉइंटला कुठे गळती आहे का ते बघा, आणि मिसफायर किंवा ऑइल जळण्याची तक्रार असेल तर ती आधी मिटवा, नाहीतर नवीन कॅटसुद्धा त्याच वाटेने जाईल.

सेन्सरच्या हीटरचा कोड, म्हणजे पी ०१३५ वगैरे, आला तर पहिला फ्यूज, मग कपलरमधल्या (वायरच्या जोडातल्या) पिना हिरव्या पडल्यात का, मग मल्टिमीटर लावून हीटरचा रेझिस्टन्स. सर्किट ओपन दाखवलं तर सेन्सर खुशाल बदला, तेव्हा तो खरंच गेलाय. आणि एकदम आठ-दहा कोड, एबीएस, स्टिअरिंग, इंजिन सगळ्यांचे एकत्र आले तर एकाही पार्टला हात लावू नका, बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंगची वायर तपासा. बॅटरी बसली की स्टार्टरच्या वेळी व्होल्टेज इतका पडतो की सगळे मॉड्यूल तक्रार करायला लागतात.

डिझेलवाल्यांचं दुखणं वेगळं. बीएस ६ गाड्या शहरात छोट्या छोट्या फेऱ्या मारतात, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) गरमच होत नाही, काजळी साठते, पी २४६३ येतो. डीपीएफ बदला असं कुणी म्हटलं तर आधी प्रेशर सेन्सरला जाणारे दोन छोटे पाइप बघा, चिरला किंवा निसटला असेल तर रीडिंगच चुकीचं येतं. ते ठीक असतील तर काजळी किती टक्के दाखवतंय ते विचारा आणि स्कॅनरवरून रीजनरेशन (साठलेली काजळी जाळून टाकणं) करता येतंय का ते विचारा. नुसती डीपीएफची लाईट लागलीय, पॉवर कमी झालेली नाही, तर बरेचदा मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे हायवेला एकसारख्या स्पीडने नेलं तरी काम होतं.

गॅरेजमध्ये गेलात की फक्त "कुठला कोड" असं विचारू नका, "हा पार्ट खराब आहे हे कशावरून ठरवलं" असं विचारा, शांतपणे, भांडणाच्या सुरात नाही. जो मेकॅनिक तुम्हाला मल्टिमीटर लावून दाखवतो, ट्रिमचे आकडे समजावून सांगतो, आणि त्या तासाभराचे वेगळे पैसे मागतो, त्याला ते बिनातक्रार द्या आणि नंबर सेव्ह करून ठेवा. आपल्याकडे लोक दहा हजाराच्या पार्टला लगेच हो म्हणतात आणि पाचशे रुपयांच्या तपासणीवर घासाघीस करतात, मग तोही बिचारा तपासणी सोडून पार्टच विकायला लागतो.