सगळीच पडली मां!

मे महिना संपत आला की आम्ही अटलांटाहून गाडी काढतो आणि पाइन माउंटनच्या रॉबिन लेकवर जातो. तिथे 1959 पासून वॉटर स्कीइंगची मास्टर्स स्पर्धा भरते. गेल्या खेपेला मालवणहून आलेली आईही बरोबर होती. आयुष्य होड्या बघण्यात गेलेलं, त्यामुळे पाण्यातले लाल गोळे बघताच म्हणाली, "हे बोये कित्याक?"

मग तिला स्लालम समजावलं. बोट मधून सरळ जाते; पुरुषांसाठी ताशी 58 किलोमीटर, बायकांसाठी 55. मागे तिची दोरी धरून एकाच स्कीवर उभ्या खेळाडूने कधी उजवीकडचा, कधी डावीकडचा असे सहा बोये बाहेरून वळसा घालून घ्यायचे. 259 मीटर, सोळा-सतरा सेकंद. जमलं की दोरी आखूड करतात. 18.25 मीटरची दोरी कापत कापत 12, 11.25, 10.75 आणि मग 10.25 वर येते. बोया मात्र मधल्या रेषेपासून साडेअकरा मीटरवरच. म्हणजे दोरी तिथवर पोचतच नाही! उरलेलं अंतर हाताने आणि आडव्या झालेल्या अंगाने भरून काढायचं.

मला रेजिना जेक्वेसचं स्कीइंग फार आवडतं. कित्येक वेळा विश्वविजेती झालेली ही बाई शिकून फार्मासिस्टही झाली आहे. मी तिचे हात बघते. बोयाजवळ एक हात सुटतो, दुसरा हँडलसकट बोटीकडे लांबत जातो आणि क्षणभर वाटतं, ही थांबलीच. घाई कुठेच नाही. लगेच हँडल कमरेशी येतं, अंग पाण्यावर इतकं कलतं की खांदा भिजेल, आणि फवाऱ्याची पांढरी भिंत उठते. नवशिक्यांची धडपड लांबूनही कळते. हिची मेहनत दिसतच नाही, आणि मला तीच सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

2013 मध्ये नेट स्मिथने 9.75 मीटर दोरीवर अडीच बोये घेऊन विश्वविक्रम केला. फक्त अडीच! तो अर्धा बोया किती मोलाचा, हे मला काठावर बसूनच कळलं.

बोया चुकेपर्यंत दोरी आखूड होतच राहते, त्यामुळे शेवटी बहुतेक जण पाण्यात जातात. संध्याकाळी चटई गुंडाळताना आईने विचारलं, "मगे जिकला कोण? सगळीच पडली मां!"

मी तिला फलकावरचे आकडे दाखवले. तिने ते दोनदा वाचायला लावले.